हत्ती गेले की उंदीर वाढतात : लायकिपियाच्या माळावर

रविवार, नैरोबी ते नान्युकी

आधीच सांगून टाकते, या वर्णनात मसाई मारा नाही, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट नाहीत आणि सिंहाचा फोटोही नाही. आम्ही केनियाला गेलो ते एक उंदीर बघायला. माझी मावसबहीण तिथे लायकिपियात सवानाच्या छोट्या सस्तन प्राण्यांवर काम करते, गेली दोन-तीन वर्षं फोनवर तिच्याकडून "सॅकोस्टोमस, सॅकोस्टोमस" ऐकून कान किटले होते, शेवटी म्हटलं एकदा बघूनच येऊ हा कोण एवढा मोठा लागून गेलाय.

तयारीचं थोडक्यात. जानेवारी २०२४ पासून केनियाला व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे प्रवासाची आगाऊ परवानगी लागते, ते ऑनलाइन भरायचं. यलो फीव्हरची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि ते पिवळं कार्ड जपून ठेवायचं, कारण येताना भारतात विमानतळावर तेच मागतात. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग बॅगेत असतील तर घरीच काढून ठेवा, केनियात २०१७ पासून बंदी आहे.

नैरोबीहून थिका रोडने निघालो, मग सागाना, काराटिना, नारो मोरू करत नान्युकी. साधारण २०० किलोमीटर, पण ट्रक आणि मटाटूंच्या (तिथल्या खासगी मिनीबसच्या) कृपेने चार तास गेले. नान्युकीच्या अगदी अलीकडे विषुववृत्ताची पिवळी पाटी आहे, तिथे भोकाच्या भांड्यातून पाणी सोडून "इकडे असं फिरतं, तिकडे तसं फिरतं" दाखवणारे लोक उभे असतात. एवढ्याशा भांड्यात पृथ्वीच्या फिरण्याचा काही संबंध येत नाही, सगळी हातचलाखी, पण करतात झकास, शंभर-दोनशे शिलिंग द्यायला हरकत नाही. एम-पेसा, म्हणजे मोबाइलवरून पैसे देणं, चालतं, रोकडही घेतात. ५,१९९ मीटरचं माउंट केनया ढगात. ते बघायचं तर पहाटेच उठायचं.

सोमवार, लाल माती, काळी माती

नान्युकी सोडलं की डांबर थोड्याच वेळात संपतं आणि मग धूळ. फेब्रुवारी म्हणजे इथला कोरडा मोसम. एम्पाला रिसर्च सेंटर एवासो न्यिरो नदीजवळ आहे, सगळा परिसर साधारण २०० चौरस किलोमीटरचा, संशोधन आणि गुरांचं रांच दोन्ही एकाच जमिनीवर चालतं. हे लॉज नाही हे लक्षात घ्या. खोली साधी, जेवण मेसमध्ये, उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा), सुकुमा विकी (पालेभाजी), बीन्स, आणि इथली चपाती, जी चांगली जाड आणि तेलकट असते आणि दोनच्या पुढे जात नाही. खोलीच्या बाहेर डिक-डिक फिरत होते, गुडघ्याएवढी हरणं, जोडीजोडीने, माणसांना अजिबात न भिता.

दुपारी बहीण म्हणाली, "ताई, चल, आधी कुंपणं दाखवते. उंदीर उद्या." मी म्हटलं कुंपणात काय बघायचं. पण खरी गोष्ट तिथेच आहे, तर जरा नीट सांगते.

सेंटरच्या आसपास माती लाल, वाळूमिश्रित. गाडी नैऋत्येला निघाली आणि काही किलोमीटरवर माती एकदम काळी झाली, तीच ती ब्लॅक कॉटन सॉइल, उन्हात भेगाळणारी आणि पावसात टायर गिळणारी. या काळ्या मातीवर झाड म्हणजे जवळजवळ एकच, व्हिसलिंग थॉर्न, बाभळीच्याच कुळातलं. काट्यांच्या बुडाशी काळे पोकळ गोळे असतात, गोळ्यांत मुंग्या राहतात आणि त्यांनी पाडलेल्या भोकांवरून वारा गेला की झाड शीळ घालतं. मला वाटलं होतं की हे पर्यटकांसाठी रंगवून सांगतात, पण खरंच वाजतं, बारीक, एका सुरात. फांदीला हात लावला तर मात्र मुंग्या सेकंदात हातावर.

या माळावर १९९५ पासून एक प्रयोग सुरू आहे, नाव क्ली, म्हणजे केनिया लाँग-टर्म एक्सक्लोजर एक्सपेरिमेंट, कुंपणं घालून कुठली जनावरं आत येतील ते ठरवायचं आणि काय बदलतं ते बघायचं. आखणी ट्रूमन यंग या शास्त्रज्ञाची. एकूण १८ प्लॉट, प्रत्येकी चार हेक्टर, आणि नियम सहा प्रकारचे. काही प्लॉटमध्ये सगळ्यांना मोकळं, हत्ती, जिराफ, झेब्रा, गुरं, कोणीही या. काहींत फक्त गुरं सोडतात. काहींत मोठं जनावर एकही नाही. आणि मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे फक्त हत्ती-जिराफांना बंदी, बाकीच्यांना मुभा. ते कसं करतात? तर तारा दोन मीटर उंचीवर, खाली सगळं उघडं. झेब्रा, एलंड (एक मोठं हरण) खालून आरामात जातात आणि हत्ती तेवढा अडतो. किती साधं. मी त्या तारेखालून तीन वेळा इकडून तिकडे गेले, बहीण म्हणाली, "तू एलंडमध्ये मोडतेस."

मग तिने मुद्दा सांगितला. मोठी खुरवाली जनावरं बाहेर ठेवली की आतले उंदीर थोड्याच काळात दुप्पट होतात. दुप्पट! फेलिशिया कीसिंग या संशोधिकेने १९९८ मध्ये हे छापलं, आणि तिने मोजलेला उंदीर मुख्यतः हाच, सॅकोस्टोमस मियर्न्साय, म्हणजे मियर्न्सचा गालपिशवीवाला उंदीर.

मी लगेच हुशारी केली, "साहजिकच आहे, गवत उंच झालं, लपायला जागा झाली, घारी-घुबडांना दिसत नाहीत." ती म्हणाली, "सगळे हेच म्हणतात. पण आकडे बघितले तर लपण्यापेक्षा खाण्याचा मुद्दा जड निघतो." म्हणजे झेब्रा आणि उंदीर एकाच ताटात जेवतात. झेब्रा उठला की त्याचा वाटा उंदराला. हे ऐकून मी गप्प बसले, कारण ५० ग्रॅमचा प्राणी झेब्र्याशी स्पर्धा करतो हे डोक्यात बसायलाच वेळ लागतो.

मंगळवार, सापळे लावणं

सकाळी काहीच नाही, कपडे धुतले, नदीवर पाणघोड्यांचे आवाज ऐकले. दुपारी तीननंतर सापळे.

सापळे म्हणजे शर्मन ट्रॅप, ॲल्युमिनियमची घडीची डबी, उघडली की साधारण वीतभर लांब, एका बाजूला दार, आत पाय पडला की दार खट्ट बंद, उंदराला इजा काही नाही. आमिष म्हणजे ओट्स आणि पीनट बटर कालवून केलेल्या गोळ्या. रात्री इथे चांगलीच थंडी पडते, आपण १,८०० मीटरच्या आसपास असतो, त्यामुळे आत थोडा कापूस टाकतात, नाहीतर सकाळपर्यंत उंदीर गारठून जाईल. प्लॉटमध्ये दर दहा मीटरवर एक खुंटी, खुंटीला एक डबी, दहा ओळी आणि ओळीत दहा. मी ओट्सच्या गोळ्या वळायचं काम केलं, सापळ्यांना आणि उंदरांना हात लावणं हे परवाना असलेल्यांचं काम, मी बघी.

आमच्याबरोबर एक वयस्कर फील्ड असिस्टंट होते, सगळे त्यांना म्झे, म्हणजे स्वाहिलीत आजोबा, म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. यांना प्रत्येक बीळ पाठ. एका भेगेपाशी उभे राहून म्हणाले, "इथे एक आहे, कान फाटलेली." मी मनात म्हटलं, बघू उद्या.

सूर्य पावणेसातच्या सुमाराला मावळतो आणि विषुववृत्तावर संधिप्रकाश असा रेंगाळत नाही, अंधार पडतोच. त्याआधी गाडीत. अंधारात या माळावर पायी फिरायचं नाही हा नियम आहे आणि त्याचं कारण हत्ती आणि रानम्हशी, म्हणजे ज्यांच्यासाठी लोक लाखो रुपये खर्चून येतात त्यांनाच टाळत आम्ही परतलो.

रात्री जेवताना या उंदराचं नाव कुठून आलं ते कळलं. एडगर मियर्न्स हा अमेरिकन लष्करातला डॉक्टर, पक्षी-प्राणी जमवायचा नाद. १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्षपदावरून उतरल्यावर स्मिथसोनियनसाठी पूर्व आफ्रिकेत मोठी मोहीम घेऊन आला, त्यात हा होता. मोहिमेतलाच दुसरा, एडमंड हेलर, त्याने १९१० मध्ये या उंदराला मियर्न्सचं नाव दिलं. त्या मोहिमेच्या गोष्टी सांगताना लोक सिंह-गेंड्यांची शिकार सांगतात. उंदराचा उल्लेख तुम्ही कुठे ऐकलाय?

आणखी एक, हा आपल्या घरातल्या उंदराचा जवळचा नातेवाईक नाही. त्याचं कूळ वेगळं, नेसोमायिडी, फक्त आफ्रिका आणि मादागास्करमध्ये सापडणारं. या कुळातला त्याचा थोरला भाऊबंद म्हणजे तो प्रचंड पाउच्ड रॅट, ज्याला टांझानियात मोरोगोरोला जमिनीतले सुरुंग वासाने शोधायला शिकवतात. २०२० मध्ये मगावा नावाच्या एकाला त्यासाठी सुवर्णपदक मिळालं होतं, बातमी तुम्ही वाचली असेल. पाहा, थोरल्याला पदक आणि धाकट्याचं नाव कुणाला माहीत नाही.

बुधवार पहाट

पाच वाजता उठवलं. चहा, दोन स्वेटर, टोपी. पहिल्यांदा माउंट केनया उघडं दिसलं, काळी टोकं आणि मागे केशरी. कॅमेरा काढेपर्यंत म्झे गाडीत बसले होते, ते डोंगराकडे बघतही नव्हते.

पहिला प्लॉट, ज्यात सगळी जनावरं येतात. उघडी डबी, उघडी, उघडी, उघडी. एका डबीवरून काहीतरी चालून गेलं होतं, ती चक्क चपटी. मग एक बंद. म्झेंनी कानाशी धरून हलकेच तिरकी केली, आतलं वजन सरकल्याचं त्यांना कळलं, कापडी पिशवी दाराला लावली, डबी उलटी केली, आणि पिशवीत एक गोळा पडला.

आता जवळून सांगते. पिशवीची कड गुंडाळत खाली आणली तसं आधी राखाडी-तपकिरी, मऊ, दाट केसांचं ढुंगण दिसलं आणि अगदी आखूड शेपूट, शरीराच्या निम्मंही नाही. मानेची कातडी चिमटीत धरून वर घेतलं. पोट पांढरं, पाय गुलाबी, डोळे काळे, बटणासारखे नाही तर थोडे ओले. आणि तोंड! दोन्ही गाल असे टम्म की गालगुंड झालेल्या पोरासारखा चेहरा. रात्रभर आत अडकलेला असताना या पठ्ठ्याने घाबरायचं सोडून सगळं आमिष गालात भरून ठेवलं होतं. गाल म्हणजे आतून पिशव्याच असतात, दाण्यांनी भरायच्या आणि बिळात जाऊन रिकाम्या करायच्या.

यात गंमत अशी की वजन करताना घोळ होतो. पिशवी स्प्रिंगच्या काट्याला लटकवतात, आकडा वाचतात, मग रिकाम्या पिशवीचं वजन वजा. पण गालातलं पीनट बटर कसं वजा करणार? बहिणीने वहीत आकड्यापुढे बारीक अक्षरात "गाल भरलेले" असं लिहिलं. शास्त्राची वही मी पहिल्यांदाच एवढ्या आवडीने वाचली.

कानात छोटा धातूचा टॅग, त्यावर नंबर, म्हणजे हाच पुन्हा सापडला तर कळतं. सोडल्यावर वाटलं की सुसाट पळेल. नाही हो. दोन क्षण बसला, मिशा हलवल्या, आणि डुलत डुलत चालत भेगेकडे गेला, जणू बिल भरून निघालाय. हा उंदीर मुळात संथच, आणि हातात घेतला तरी फारसा चावत नाही, बहिणीचं म्हणणं की म्हणूनच ती याच्या प्रेमात आहे, कारण दुसरे, ते जर्बिल वगैरे, पिशवीतून स्प्रिंगसारखे उडतात.

मग कुंपणाच्या आतला प्लॉट. गवत मांडीपर्यंत, बुटांत कुसळं. आणि इथे बंद डब्या सुरू झाल्या. एक, मग तिसरी, मग लागोपाठ. मी मोजायचं सोडून दिलं, बहीण मोजत होती, तेवढं पुरे. एका सकाळीवरून काही सिद्ध होत नाही हे तिने मला दोनदा बजावलं, आकडे वर्षानुवर्षांचे धरायचे असतात. तरी पायाखाली फरक कळत होता. तिकडे डबी उचलायची म्हणजे रिकामी गृहीत धरून उचलायची, इकडे उचलताना हात आपोआप सावध.

म्झेंची कान फाटलेली? सापडली, त्याच भेगेजवळच्या डबीत. ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

गुरुवार, पिसवा, साप आणि रोपं

आज दुसऱ्या ओळी तपासल्या, पण माझं लक्ष बाकीच्या साखळीकडे होतं, म्हणजे उंदीर वाढले तर पुढे काय.

एक म्हणजे पिसवा. उंदीर पांढऱ्या ट्रेवर धरून बारीक कंगव्याने केस विंचरतात, पिसवा खाली पडतात, अल्कोहोलच्या नळीत जातात. या पिसवांमध्ये बार्टोनेला नावाचे जिवाणू असू शकतात, माणसालाही त्यांच्यामुळे आजार होतात. २०१४ मध्ये इथल्याच प्लॉटमधला अभ्यास आला, मोठी जनावरं काढून टाकली की उंदीर दुप्पट आणि संसर्ग असलेल्या पिसवाही दुप्पट. म्हणजे हत्ती-झेब्रा नाहीसे झाले तर नुसतं जंगल भकास होत नाही, आजाराचाही प्रश्न येतो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि सफारीच्या कुठल्याही माहितीपत्रकात हे नसतं.

दुसरं म्हणजे साप. कुंपणाच्या आत ऑलिव्ह रंगाचा एक फुत्कारणारा गवतसाप जास्त आढळतो, उंदीर त्याचं खाणं, साधा हिशोब. मला दिसला नाही आणि मी तक्रार करत नाहीये. कापशी घार मात्र दिसली, एका जागी पंख फडफडवत हवेत थांबलेली, नजर खाली.

तिसरं म्हणजे झाडं, आणि इथे माझं गणित पूर्ण उलटं झालं. आपल्याला वाटतं की हत्ती झाडं मोडतात, जिराफ पाला ओरबाडतात, म्हणजे हे नसले की झाडांची चंगळ. मोठ्या झाडांपुरतं ते ठीकच आहे. पण बाभळीचं रोप असतं तेव्हा त्याचा खरा शत्रू उंदीर आणि किडे. २००४ चा एक अभ्यास सांगतो की मोठी जनावरं जिथे येतात तिथेच बाभळीची रोपं जास्त जगली, कारण जनावरं नसलेल्या जागी उंदीर-किड्यांनी रोपांचा फडशा पाडला. बिया त्याहून आधी. हा गालपिशवीवाला मुख्यतः बियांवर जगतो, जोडीला हिरवा पाला आणि किडे, आणि व्हिसलिंग थॉर्नच्या बिया त्याला चालतात. दहा वर्षांनी माळावर कुठे झाड उभं असेल हे आज रात्री कुठला उंदीर कुठे फिरला त्यावरही ठरतं म्हणायचं.

संध्याकाळी जुन्या बोमाच्या जागी गेलो. बोमा म्हणजे गुरं रात्री कोंडायचं काटेरी कुंपण. जागा सोडली तरी शेणाच्या खतामुळे तिथे वेगळं, आखूड, पौष्टिक गवत कित्येक दशकं टिकतं, झाड उगवत नाही, आणि जंगली जनावरं तिथेच चरायला जमतात. बिनझाडाचा हिरवा गोल, मधोमध झेब्रे. फोटो इथले छान आले.

शुक्रवार, ओल पेजेटामार्गे परत

परतीच्या वाटेवर ओल पेजेटा कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे एका संरक्षित वन्यजीव क्षेत्रात, अर्धा दिवस. जगातले शेवटचे दोन उत्तरेकडचे पांढरे गेंडे, नाजिन आणि फातू, मायलेकी, इथेच आहेत. शेवटचा नर सुदान मार्च २०१८ मध्ये गेला. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, मी वेगळं काय लिहिणार.

माझं लक्ष मुंग्यांवर. इथे बाहेरून आलेली मोठ्या डोक्याची मुंगी पसरली आहे, ती व्हिसलिंग थॉर्नवरच्या मूळ मुंग्यांना मारून टाकते. मूळ मुंग्या सोंडेत शिरून चावायच्या म्हणून हत्ती या झाडांपासून लांब राहायचे. पहारेकरी गेले, हत्तींनी झाडं मोडली, माळ उघडा पडला, आणि सिंहाला दबा धरायला आडोसा उरला नाही. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं : २००३ मध्ये सिंहांच्या शिकारीत झेब्रे ६७ टक्के होते, २०२० मध्ये ४२ टक्के, आणि कमी पडलेलं सिंह रानम्हशी मारून भरून काढतायत. मुंगीमुळे सिंहाचा मेनू बदलला! आमच्या गाइडला हे सगळं माहीत होतं, पण तो म्हणाला की गाडीतले लोक विचारतच नाहीत, सिंह कुठे एवढंच विचारतात. बहिणीने मग त्याला गालपिशवीवाल्याबद्दल विचारलं, तर तो हसला आणि म्हणाला की मॅडम, तो रात्री रस्त्यावर दिव्यांत दिसतो, सगळ्यात हळू पळणारा तोच.

कुणाला जायचं असेल तर थोडं. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत कोरडं असतं, एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीत गाडी अडकणार म्हणजे अडकणारच. एम्पालाला आधी लिहून परवानगी आणि जागा पक्की करूनच जा, असंच गेटवर जाऊन उभं राहू नका. संशोधनाला केनियाच्या नाकोस्टीचा, म्हणजे सरकारी विज्ञान आयोगाचा, परवाना लागतो, त्यामुळे "मलाही एक उंदीर हातात द्या ना" असं म्हणून उपयोग नाही, नम्रपणे नाही म्हणतात, मी विचारून बघितलंय. पहाटेसाठी जाड स्वेटर, कुसळांसाठी घोट्यापर्यंतचे बूट. दुर्बीण न्या, पण ती कापशी घारीसाठी, आपल्या पाहुण्यासाठी गुडघ्यांवर बसायची तयारी पुरते.